काजूचा दर दीडशे, हातात एकशे पंधरा: फरकाचे पैसे कुठे अडकतात?

फेब्रुवारी उजाडला की सत्तरीपासून काणकोणपर्यंत बागायतदारांच्या तोंडी एकच विषय असतो: यंदा बी काय भावाने? २०२३ साली गोवा सरकारने काजू बियांची आधारभूत किंमत किलोला १२५ वरून १५० रुपये केली, आणि या प्रश्नाला एक उपप्रश्न चिकटला. ‘सरकार दीडशे म्हणते, मग बी विकत घेणाऱ्या संस्थेत एकशे पंधराच का देतात?’ काउंटरवर यावरून हुज्जत घालण्यात काही अर्थ नसतो, कारण काउंटरवरच्या माणसाकडे वरचे पैसे नसतातच.

आधारभूत किमतीचे पैसे दोन वाटांनी येतात. बी घालताना हातात पडतो तो त्या दिवसाचा बाजारभाव. बाजारभाव आणि आधारभूत किंमत यांच्यातला फरक कृषी खाते मागाहून बँक खात्यात जमा करते. समजा बाजारभाव ११५ आणि आधारभूत किंमत १५०, तर किलोमागे ३५ रुपये खात्याकडून यायचे. चारशे किलो बी घातले असेल तर ते झाले १४,००० रुपये. आफ्रिकेतून येणाऱ्या स्वस्त कच्च्या काजूमुळे भाव पडला तर हा फरक वाढतो, भाव चढला तर आटतो. बाजारभाव आधारभूत किमतीच्या वर गेला तर फरक शून्य. नारळाचे अलीकडे तेच झाले. २०२४-२५ मध्ये नारळ इतका महागला की आधारभूत किमतीची आठवण काढायची कुणालाच गरज पडली नाही. तरीही ‘नारळाची सबसिडी बंद केली’ अशी ओरड झालीच. योजना बंद नव्हती, द्यायला फरकच उरला नव्हता.

आधारभूत किमतीचा आकडा वर्षागणिक बदलू शकतो, तेव्हा तो त्या हंगामाच्या आदेशात पाहून घ्यावा. पैसे अडकतात ते मात्र आकड्यामुळे नव्हे. तीन कागदांवरची नावे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून अडकतात. ते तीन कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा म्हणा), कृषी कार्ड (कृषी खात्यातल्या नोंदणीचे) आणि बँकेचे पासबुक. चौथा कागद संस्थेचे बिल, पण ते या तिघांच्या आधारावरच उभे असते.

बिलापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या हातात आहे. खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेत, म्हणजे गोवा बागायतदार, मार्केटिंग फेडरेशन, बाळ्ळीची आदर्श कृषी अशा ठिकाणी माल घातला तरच फरक मागता येतो. रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून बसलेला व्यापारी दोन रुपये जास्त देतो आणि रोख देतो, पण त्याच्या चिठ्ठीवर फरक मिळत नाही. दोन रुपयांसाठी पस्तीस सोडायचे की नाही, हा साधा हिशेब आहे. बिल ज्याच्या नावाने फाडले त्याच्याच नावाने कृषी कार्ड हवे. मुलगा स्कूटरवर पोते घेऊन गेला आणि बिलावर स्वतःचे नाव सांगून आला, कार्ड मात्र बापाचे, हा नेहमीचा घोळ. बिल हातात पडताच तिथेच चार गोष्टी वाचाव्यात: नाव, कार्ड क्रमांक, वजन, तारीख. घरी गेल्यावर सापडलेली चूक दुरुस्त करून घ्यायला पुन्हा खेटा घालावा लागतो, आणि संस्थेने हिशेब पुढे पाठवला असेल तर तोही पुरत नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बी एकाच कार्डावर घालायची पद्धत गावोगाव आहे. ‘आमचे कार्ड नाही, तुझ्यावर घाल, मग देवाण-घेवाण करू.’ यात दोन धोके आहेत. पहिला म्हणजे क्षेत्र. कार्डावर २,००० चौरस मीटर काजू लिहिलेला असेल तर सात बाय सात मीटरच्या अंतराने तिथे साधारण ४० झाडे बसतात. झाडामागे तीन-चार किलो बी धरले तरी दीडशे किलोच्या आसपास होते. त्या कार्डावर हजार किलोचे बिल आले की तपासणारा कारकून थांबणारच. मग जास्तीचे वजन तर जातेच, शिवाय खुलासा होईपर्यंत स्वतःच्या दीडशे किलोचे पैसेही लटकतात. दुसरा धोका वेळेचा. शेजाऱ्याचे पैसे तुमच्या खात्यात येणार कधी आणि तुम्ही त्याला देणार कधी, यावरून जुनी मैत्री तुटल्याची उदाहरणे प्रत्येक वाड्यावर मिळतील. सीमेपलीकडचे बी गोव्याच्या कार्डावर घालणे हा तर सरळ गुन्हा आहे. तो ‘अडजस्टमेंट’ या गोड नावाने करू नये.

आता उतारा. गोव्याची खरी गाठ इथे आहे.

नमुना एक-चौदा हातात घेऊन वरपासून खाली वाचा. वर तालुका, गाव, शेताचे नाव, सर्वे नंबर, हिस्सा नंबर. त्याखाली जमिनीच्या प्रकारांनुसार लागवडयोग्य क्षेत्र: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. मग पोटखराब अ आणि ब. त्याखाली कब्जेदाराचे नाव, खाते नंबर, फेरफार नंबर. त्यानंतर कुळाचे नाव, इतर हक्क, आणि शेवटी पिकाखालील क्षेत्राचा तपशील. बहुतेक लोक यातले फक्त कब्जेदाराचे नाव पाहतात आणि आजोबांचे नाव दिसले की खूश होतात. आजोबा वारून तीस वर्षे झालेली असतात. संगणक त्यांनाच अजून शेतकरी समजतो.

मेलेल्या माणसाचे कार्ड निघत नाही, म्हणून वारसांची नावे उताऱ्यावर चढवावी लागतात. त्यासाठी गोव्यात आधी वारस ठरवणारा दस्त हवा. सब-रजिस्ट्रार विशेष नोटरी म्हणून डीड ऑफ सक्सेशन करून देतो. जुनी माणसे यालाच हाबिलितासांव म्हणतात. २०१२ चा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायदा आजही याच वाटेने चालतो. या दस्तात वारस कोण आहेत एवढेच ठरते, कुणाला किती जमीन ते ठरत नाही. वाटणी हवी असेल तर सर्वांच्या संमतीने वाटणीपत्र करावे लागते, किंवा संमती नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचा दावा, लावावी लागते. पण सबसिडीसाठी इतके लांब जायची गरज नेहमीच पडत नाही. वारसांची नावे मामलेदाराकडे म्युटेशनने (फेरफार नोंदीने) चढली आणि इतर वारसांनी ‘ही जमीन अमुक कसतो, आमची हरकत नाही’ असे लिहून दिले, तर कसणाऱ्याच्या नावाने कार्डासाठी अर्ज करता येतो. मुंबईतला काका, लिस्बनमधला चुलतभाऊ आणि घरीच राहणारा पण बोलचाल बंद असलेला सख्खा भाऊ, या तिघांत सही मिळवायला सर्वांत कठीण कोण, हे सांगायला नको.

पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. लग्न झालेल्या वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचे नाव दस्तात येते, ते म्हणूनच. अर्जात ते गाळले तर कागद परत येतो.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ हा गोव्याचा खास वारसा. उताऱ्यावर पोरोबो, आधारवर प्रभू. उताऱ्यावर कामोतीं, आधारवर कामत. नाईक हे आडनाव रोमन लिपीत ‘क्यू’ घालून लिहिलेले आणि आधारवर ‘के’ घालून. देसाईंचा एस कुठे एक, कुठे दोन. माणसाला यात फरक दिसत नाही, सॉफ्टवेअरला मात्र ही दोन वेगळी माणसे वाटतात. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करून ते कृषी कार्डाच्या अर्जालाच जोडून टाकावे. ते आधी न जोडता सबसिडीच्या प्रत्येक अर्जाबरोबर नवे करत बसलात तर स्टॅम्पपेपर विकणाऱ्याचेच भले होईल. म्युटेशन करायचेच आहे तर त्याच वेळी नावाची दुरुस्तीही मागावी. दोनदा फाईल फिरवू नये.

कुळांची कथा निराळी. १९६४ च्या कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा कसणाऱ्यांचा दिवस ठरला, आणि त्या तारखेला कूळ जमिनीचे मालक झाले असे कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकांनी मामलेदाराकडून खरेदीचे प्रमाणपत्र घेतलेच नाही. उताऱ्यावर ते आजही ‘कुळाचे नाव’ या रकान्यात आहेत आणि वर कब्जेदार म्हणून भाटकार (जमीनदार) किंवा कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) बसली आहे. राज्याच्या योजनांसाठी कुळाच्या रकान्यातल्या नावाला किंमत आहे, त्यावर कृषी कार्डाचा अर्ज होतो. शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार देणाऱ्या केंद्राच्या पीएम-किसानला मात्र जमीनधारक हवा असतो. एकाच माणसाला काजूचा फरक मिळतो आणि ते सहा हजार मिळत नाहीत, याचे कारण बहुतेक वेळा हेच. खरेदीचे प्रमाणपत्र घेणे हा त्यावरचा खरा उपाय, आणि तो कंटाळवाणा आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टाळला जातो.

सत्तरीतल्या आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या) आणि मोकाशांच्या (जुन्या इनामदारांच्या) जमिनीवर किंवा वनखात्याच्या हद्दीत ज्यांचे काजू आहेत, त्यांच्या हातात एक-चौदाच नसतो. जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा मंजूर झाला आहे, तिथे ती सनद जमिनीचा पुरावा म्हणून पुढे करता येते. दावा नुसता पडून असेल तर विभागीय कृषी अधिकाऱ्याला आधी भेटून विचारावे. तोंडी आश्वासनावर हंगाम काढू नये.

उताऱ्याचा शेवटचा रकाना, पिकाखालील क्षेत्र, हा बऱ्याचदा मूळ सर्वेच्या वेळचा असतो. तिथे भात लिहिलेले आणि जागेवर सुपारीचे कुळागर, असे हमखास दिसते. कार्ड काढताना कृषी खात्याचा माणूस जागेवर येऊन पीक पाहतो, तेव्हा त्याच्या अहवालात पीक आणि क्षेत्र बरोबर लिहिले गेले ना, ते तिथेच विचारून घ्यावे. पुढे फरकाचा, खताचा, कुंपणाचा सगळा हिशेब त्या आकड्यावर बेतलेला असतो. क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिताना शून्याची गडबड होते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक हेक्टरपर्यंत सीमांत शेतकरी, एक ते दोन हेक्टर अल्पभूधारक, आणि अनुदानाची टक्केवारी यावर ठरते. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत अल्पभूधारक, सीमांत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के मिळतात. एक शून्य जास्त पडला की दहा टक्के गेले.

यंत्र आणि कुंपणाच्या अनुदानात क्रम उलटा झाला की सगळेच फसते. आधी अर्ज, मग मंजुरी, मग खरेदी, मग जागेवर पाहणी, शेवटी पैसे. दुकानदार म्हणतो, ‘घेऊन टाका, सबसिडी मागाहून होईल.’ मंजुरीच्या आधीच्या तारखेचे बिल त्याच्या कामाचे असते, आपल्या नाही. बिल जीएसटीचे, कार्डावरच्याच नावाचे, यंत्राचा मॉडेल आणि अनुक्रमांक स्पष्ट लिहिलेले हवे. पैसे बँकेतून द्यावेत, नुसत्या पावतीवर वाद होतात. पॉवर टिलरच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक स्वतः ताडून पाहावा, कारण पाहणीला येणारा पहिली गोष्ट तीच पाहतो. सौर कुंपणाच्या पाहणीआधी खालच्या तारेला टेकलेले गवत साफ करा. ओले गवत विजेचा झटका जमिनीत उतरवते, टेस्टरवर दाब दिसत नाही, आणि अहवालात ‘कुंपण चालू नाही’ अशी ओळ जाते. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडण्याचा विचार मनातसुद्धा आणू नये. गवा मरतो, माणूस मरतो, आणि मग प्रश्न सबसिडीचा राहत नाही.

भाताबद्दल थोडक्यात. घरच्या उकड्या तांदळासाठी जो पिकवतो आणि विकत नाही, त्याला आधारभूत किमतीचा एक पैसाही मिळत नाही. त्याचा फायदा बियाण्यावरच्या सवलतीत आणि यंत्राच्या भाड्यात. विकणाऱ्यांची अडचण ओलाव्याची. केंद्राच्या खरेदीत १७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस झोडपत असताना मळलेले भात त्याच्या खाली आणायला दोन-तीन दिवसांचे कडक ऊन हवे. ओले भात पोत्यात भरून ठेवले तर ते तापते, दाणा पिवळा पडतो, मग भाव पडतो तो पडतोच. वायंगण, म्हणजे रब्बीचे भात, त्या बाबतीत सुखाचे, मार्च-एप्रिलात खळ्यावरच सुकते.

उसाबद्दल लिहायला हात जड होतो. गोव्यातल्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप थांबल्यावर सरकारने ऊस उत्पादकांना पाच वर्षे उतरत्या दराने मदत देण्याचे ठरवले: टनाला ३,०००, मग २,८००, २,६००, २,४०० आणि २,२००. ही मदत आधारभूत किमतीसारखी कायमची नव्हती, शेवट असलेली होती. सांगे-धारबांदोड्यात ज्यांनी त्या पाच वर्षांत दुसरे पीक उभे केले नाही, त्यांचा प्रश्न आता अनुदानाच्या अर्जाने सुटणारा नाही.

पीएम-किसान ही योजना फेब्रुवारी २०१९ ची. दोन हजारांचे तीन हप्ते: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुले, तेव्हा नवरा-बायको दोघांनी अर्ज केला तर एकाचा बाद होतो आणि आधी घेतलेले पैसे परत मागितले जातात. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर, महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे निवृत्त, वकील-डॉक्टर-इंजिनिअर अशा व्यवसायातले, हे सगळे बाहेर. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली जमीन धरत नाहीत, त्यानंतर वारशाने आलेली मात्र धरतात. यादीत नाव असून हप्ता थांबला असेल तर कारण तीनपैकी एक असते: ई-केवायसी झालेले नाही, जमिनीची नोंद जोडलेली नाही, किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नाही. पोर्टलवर ‘लाभार्थी स्थिती’ उघडली की या तिन्हींसमोर हो किंवा नाही लिहिलेले दिसते. कार्यालयात जाण्याआधी ते पान छापून न्यावे, निम्मे बोलणे वाचते.

पैसे आलेच नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे पैसे खरे तर आलेले असतात, फक्त दुसऱ्या खात्यात. आधारवरून येणारी रक्कम त्या खात्यात जाते जे सर्वांत शेवटी आधारशी जोडले गेले. कुणी गॅसच्या सबसिडीसाठी, कुणी दुकानदाराच्या आग्रहाने मोबाईलवर नवे खाते उघडलेले असते आणि विसरलेले असते. आधार क्रमांक सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसते. राज्याच्या अनुदानाचे तसे नाही. ते अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर आणि आयएफएससीवर, म्हणजे बँक शाखेच्या सांकेतिक क्रमांकावर, जाते. म्हणून केंद्राचे पैसे एका बँकेत आणि काजूचा फरक दुसरीकडे, असे होऊ शकते.

आयएफएससीने गोव्यात बरेच लोक अडवले आहेत. कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत १ एप्रिल २०२० ला विलीन झाली, विजया आणि देना त्याआधी वर्षभर बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढे जुने आयएफएससी बंद झाले. खेड्यापाड्यात निम्म्या लोकांचे खाते याच बँकांत होते आणि कृषी खात्याच्या नोंदीत जुनाच क्रमांक राहिला. रक्कम जाते, परत येते, फाईलवर ‘परत’ असा शेरा पडतो, आणि तो शेरा पडल्याचे शेतकऱ्याला कुणी कळवत नाही. नवे पासबुक किंवा रद्द केलेला चेक विभागीय कार्यालयात देऊन नोंद बदलून घ्यावी. दोन वर्षे काही व्यवहार न झालेले खातेही बँक निष्क्रिय करते. फक्त सबसिडीसाठी ठेवलेल्या खात्यात वर्षातून एकदा शंभर रुपये टाकून काढावेत.

काजूचा हंगाम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरतो, ही वेळापत्रकाची कटकट कायमची. मार्चची बिले एका आर्थिक वर्षात, एप्रिल-मेची दुसऱ्या. वर्षअखेरीस तरतूद संपली की उरलेली बिले पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलेल्या मालाची बिले हंगाम संपेपर्यंत साठवून एकदम न देता त्या त्या महिन्यात पुढे जातील असे पाहावे. म्युटेशन, प्रतिज्ञापत्र, कार्डाचे नूतनीकरण ही कामे जून ते सप्टेंबरात उरकावीत. तेव्हा कार्यालयांत गर्दी कमी असते आणि आपल्यालाही सरद, म्हणजे पावसाळी भाताची लावणी आटोपली की उसंत मिळते.

वादळ-पुराने किंवा जनावरांनी पीक गेले तर नुकसानभरपाई देणाऱ्या शेतकरी आधार निधीसाठी अर्ज करायचा, पण पाहणी होईपर्यंत मोडलेली झाडे हलवायची नाहीत. फोटोत नुकसान दिसावे आणि जागा ओळखू यावी: बांध, मानस (बांधातले पाण्याचे दार), शेजारचे घर, काहीतरी. नुसत्या आडव्या पडलेल्या केळीचा फोटो कुठल्याही शेतातला असू शकतो.

कोणताही कागद देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. पैशांची चौकशी करताना ‘कधी येणार’ असे विचारू नका, त्याला ‘प्रक्रियेत आहे’ हे ठरलेले उत्तर आहे. विचारायचे ते असे: बिल विभागीय कार्यालयातून टोंक येथील कृषी भवनात गेले का, कोणत्या तारखेला, आणि गेले असेल तर मंजुरीच्या यादीत नाव आहे का. ‘पैसे पाठवले’ असे उत्तर आले तर यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, मागा. तो क्रमांक घेऊन बँकेत गेलात की रक्कम कोणत्या खात्यात पडली किंवा कोणत्या कारणाने परत गेली, हे बँकेतला माणूस पाच मिनिटांत सांगू शकतो.